अंधारीतला पदर

आजी,

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काल विचारले, "घरात आधी कोणाला काचबिंदू होता का?" मी "आजीला" एवढेच म्हणाले, आणि त्या एका शब्दासरशी तू त्या अरुंद खोलीत येऊन उभी राहिलीस. काष्टा घट्ट खोचलेला, कपाळावर रुपयाएवढे कुंकू, आणि भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाहत, हा कसला खेळ मांडलाय, असे हसू. तुझ्या वेळी त्याला कोणी काचबिंदू म्हटले नाही. मोतीबिंदू असेल, पिकला की काढू, असे सगळे म्हणत राहिले, आणि तो पिकण्याची वाट पाहता पाहता उजेडच निघून गेला. आता तेच माझ्याकडे आले आहे. मधले सारे स्वच्छ दिसते; कडा तेवढ्या विरघळतात, दुपारच्या झोपेत स्वप्नाच्या विरघळाव्यात तशा. मी आयुष्यभर जुन्या पोथ्यांचे पाठ तपासले. समासात कोणी बारीक टीप लिहिली असेल तर ती आधी मला दिसे, आणि जी दिसत नसे ती नव्हतीच, असे मी ठामपणे सांगत असे. आता समासच नाहीसे होत आहेत. घरात मी हे कोणाला सांगितले नव्हते. ज्या घरात माझ्या शब्दावर कोणी दुसरा शब्द ठेवत नाही, त्या घरात हाताला धरून चालवली जाणारी बाई होणे मला मान्य नव्हते.

मला राहून राहून लहानपणचा दौलताबादचा दिवस आठवतो. आपल्या गल्लीतल्या बायकांची सहल होती, आणि कन्नड गावाहून शहरात येऊन तुला थोडीच वर्षे झाली असली तरी पुढारीपण अर्थातच तुझ्याकडे होते. सीताफळांचे दिवस. किल्ल्याच्या वाटेवर टोपल्यांच्या रांगा, आणि त्यांच्यामधून तू अशी चाललेली, जणू किल्ला तुझ्या माहेरचा आहे. मग अंधारी येते. डोंगराच्या पोटातला तो वळणावळणाचा चढता बोगदा, पुढे मशाल घेतलेला वाटाड्या, आणि एका वळणावर मशाल दिसेनाशी होते. तसा काळोख मी पुन्हा कधी पाहिला नाही. वर वटवाघळांची फडफड, त्यांचा उग्र वास, पायाखाली ओलसर पायऱ्या. मी तुझा हात शोधते. तू तो झटकन काढून घेतेस.

"हात नको धरू. पदर धर."

"आजी, लई अंधार हाय."

"मग डोळे कशाला ताणायलीस? मीट की. उघडून तरी काय दिसायलंय?"

मी डोळे मिटते, आणि खरोखरच अंधार थोडा आपलासा होतो. तू मात्र क्षणभरही गप्प नाहीस. वर तोंड करून मोठ्याने सांगतेस, "ए वटवाघळांनो, पाहुणे आल्यात, जरा अंग चोरून बसा!" बायका हसतात. मागून शेजारच्या काकू घाबऱ्या आवाजात म्हणतात, "मावशी, तुम्ही गप ऱ्हावा बरं, वर लटकल्यात ती खाली यायची."

"येऊ द्या की. उलटं लटकून कटाळली असतील बिचारी."

तुझा आवाज पुढे, त्यामागे पदर, पदरामागे मी. दगडाच्या आतून आपण अशा तरंगत गेलो की वर उजेडात आल्यावर मला उजेडच परका वाटला. तू पदराकडे पाहिलेस. माझ्या मुठीने त्याचा चोळामोळा झाला होता. "बघ, काय करून ठेवलंस! आता इस्त्री तूच करायची," असे म्हणालीस. तुझ्या कुठल्याही लुगड्याने इस्त्री पाहिलेली नव्हती.

पुढे तुझे डोळे गेले तेव्हा मी कॉलेजात होते. शहागंजच्या बाजारात जायचे तू सोडले नाहीस. घराच्या पायरीवर मला उभी करायचीस, माझ्या ओढणीचे टोक मुठीत घ्यायचीस आणि म्हणायचीस, "चल, आता पदर तुझा." त्या गर्दीतून मी ताठ मानेने चाले, लोक बाजूला होत ते तुझ्यासाठी होत हे मला तेव्हा कळले नसावे. फळवाल्याच्या गाडीपाशी तू सीताफळ हातात घेऊन बोटे फिरवायचीस. पिकायला आलेल्या फळाचे डोळे उघडतात म्हणतात, त्या डोळ्यांमधल्या फटी तू चाचपायचीस आणि गाडीवाल्याला सुनवायचीस, "क्यों रे, ये तो अब्बी सोया हुआ है. मेरेकू जागा हुआ दे." तो हात जोडायचा. "हौ अम्मा, आपकू कौन फसाएगा? आप तो आँखांवाल्यां के ऊपर हैं." मग मला कोपराने ढोसून तू म्हणायचीस, "ह्याचे उघडल्यात बघ. माझ्यावाणी नाय." मी हसत नसे. मला ती थट्टा अप्रशस्त वाटे. तू स्वतःच्या आंधळेपणावर हसू शकत होतीस, आणि मला त्यात केवळ अभिरुचीचा दोष दिसत होता.

काल मी दवाखान्यात एकटीच गेले होते. डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले आणि सारे जग दुधात भिजल्यासारखे झाले. तपासणी संपल्यावर तिथल्या मुलीने विचारले, "आजी, सोबत कोण आहे?" "खाली आहेत," मी म्हणाले. खाली कोणी नव्हते. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिले आणि खाली पाहिले. पायऱ्या नव्हत्याच, राखाडी, हळूहळू हलणारे काहीतरी होते, आणि त्याला तळ नव्हता. किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही. मग मी आत वळून त्या मुलीला सुनेला फोन लावून द्यायला सांगितले.

सून माझ्या मते धांदरट आहे, बोलते फार, आणि ती आली तेव्हा तिचा आवाज जिन्याच्या तळापासूनच सुरू झाला. "आई, एकट्या कशाला आलात? सांगायचं ना! थांबा, हलू नका. द्या हात."

"हात नको. ओढणी दे."

"ओढणी? आई, नवीन आहे हो, फाटेल!" पण तिने टोक माझ्या मुठीत दिले. मी डोळे मिटले. ती पुढे, एकेक पायरी, आणि तोंडाची टकळी अखंड चालू: रिक्षा कुठे उभी आहे, रिक्षावाला कसा भांडला, इथे पायरी तुटकी आहे, इथे कोणीतरी पान थुंकलंय. तिचा आवाज जरा जास्तच चढा होता. अर्ध्या जिन्यात मला तो ओळखीचा वाटला, आणि आजी, तिथेच मला कळले की अंधारीत तू हात का काढून घेतला होतास. हाताने मला सांगितले असते. पदरातून थरथर कळत नाही.

तूही भ्यालेली होतीस ना? वटवाघळांना तू उगाच आमंत्रण देत नव्हतीस.

पुढच्या पायरीवर मी ओढणी सोडली आणि सुनेचा हात धरला. तो गार होता, माझाही. रिक्षावाल्याचे भांडण तिने अर्ध्यावरच सोडले. मग हळू म्हणाली, "आई, काय झालंय?" मी सांगितले: माझ्या आजीला झाले होते तेच. मला भीती वाटते आहे. जिन्यात, लोक येत-जात असताना, मी हे मोठ्याने म्हणाले.

पत्राला पत्ता नाही, त्यामुळे हे टेबलाच्या खणातच राहील. खालच्या काही ओळी वरच्या ओळींवर चढल्या असाव्यात. कागदाची कड मला नीट दिसत नाही. पूर्वी असते तर फाडून पुन्हा लिहिले असते. आज तसेच ठेवते आहे.