ब्याण्णव आणि एकशे सत्तर

प्रिय थानिन,

खोलीची किल्ली आणि हे पाकीट तुला एकदमच मिळालं असेल. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीला मी बजावून आले आहे, हातातच द्यायचं म्हणून. इमेल केला असता तर 'बघायचा राहून गेला' म्हणायला तुला वाट मोकळी राहिली असती, आणि ती तुझी सवय माझ्याइतकी कुणाला माहीत असणार?

आधी अभिनंदन. उद्या सकाळी दहाला मंत्र्यांच्या हस्ते पदक, मग तुझं भाषण, मग कोळंबीच्या औषधी खाद्याची घोषणा. निमंत्रणपत्रिका बघून मन भरून आलं. वर तुझा फोटो (बाजूचे केस ओढून टक्कल झाकू नकोस, जास्त दिसतं) आणि खाली अमिनो आम्लांची तुझी ती प्रसिद्ध जोडी, ब्याण्णव नंबरचं अ‍ॅस्पार्टेट आणि एकशे सत्तर नंबरचं आर्जिनिन, मध्ये तुटक रेघ. लग्नपत्रिकेत नवरा-नवरीची नावं घालतात तशी छापली आहे. त्या जोडीवर तुझी सिंगापूरची नोकरी उभी आहे, घर उभं आहे, उद्याचं पदकही त्याच जोडीचं. मी पत्रिका फ्रिजवर लावून ठेवली होती.

आपल्या हात याई गावच्या बातम्या सांगायच्या तर, सांगुआन सर गेले तेव्हा तू आला नाहीस. पुष्पचक्र पाठवलंस, त्यावर सरांचं नाव बारीक आणि तुझं ठळक होतं. फुलवाल्याची चूक असेल असं मी सगळ्यांना सांगत होते, कुणाला पटलं नाही. चितेत चंदनाचं फूल टाकताना सरांची बायको माझ्या कानाशी म्हणाली, "थानिनचं विमान चुकलं असेल गं." मी हो म्हटलं. शेवटच्या आजारात सर रोज तुझं नाव काढायचे, माझं क्वचितच. मी रोज पेज भरवायला जायचे, त्यामुळे माझी आठवण यायचं काही कारण नव्हतं.

तुला आठवतं का, सरांच्या प्रयोगशाळेत आपलं दोघांचं एकच टेबल होतं. प्रथिनांचे स्फटिक मी वाढवायचे आणि क्ष-किरणांत धरून आकृती तू उलगडायचास. गुरुपूजेच्या गुरुवारी वांग्याची फुलं आणि दूर्वा घातलेलं तबक आपण दोघं मिळून सरांपुढे धरायचो, गुडघ्यांवर, खांद्याला खांदा लावून. सर म्हणायचे, "हे दोघं माझे दोन हात." संध्याकाळी तू आमच्याकडे जेवायचास, सतोच्या शेंगांच्या वासाला नाक मुरडत तीनदा वाढून घ्यायचास. तेव्हा मी सुखी होते. हे लिहायला मला लाज वाटत नाही, कारण ते सुख माझं मी कमावलेलं होतं.

मग तो दिवस. कोळंबी मारणाऱ्या जीवाणूच्या विषाची आकृती उलगडली आणि तू खुर्चीवरच चढलास. ब्याण्णव आणि एकशे सत्तर, साखळीत एकमेकांपासून इतके लांब, आणि घडी पडल्यावर एकमेकांना बिलगलेले, एक ऋण आणि एक धन. "ही गाठ सोडवणारं औषध काढलं की विष पांगळं!" तू ओरडलास. मी मागे उभी होते. मी एवढंच विचारलं, "थानिन, एकशे सत्तर त्याच रेणूचं आहे ना? शेजारच्याचं तर नाही?" तू मान न वळवता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "विलाईला हल्ली जिथे तिथे दुसरीच कुणीतरी दिसते." सगळे हसले. सरसुद्धा हसले. हुई लिंगबद्दल मला त्याच आठवड्यात कळलं होतं आणि आपल्या दोघांशिवाय ते कुणाला माहीत नव्हतं, म्हणजे हसणाऱ्यांचा काही दोष नाही. हसू ओसरल्यावर तू मागे वळून माझ्याकडे बघितलंस, लागलं की नाही ते बघायला. लागलं होतं. दोन महिन्यांत तू तिच्याबरोबर सिंगापूरला गेलास आणि मी पुन्हा त्या प्रश्नाच्या वाटेला गेले नाही. कुणाला वाटायला नको होतं की मी तुझ्या मागावर आहे.

तो प्रश्न परत उकरला आमच्या दादाने. खाद्य बनवणाऱ्यांनी चाचणीसाठी रानोद गावची कोळंबीची तळी निवडली, त्यात उथाईदादाचीही होती. पावसाळ्यात रोग नेमका त्याच्याच तळ्यांत आला. त्याचा फोन आला, "विलाई, तुझ्या त्या थानिनचं खाद्य घातलं. कोळंबी आधी गुबगुबीत झाली आणि मग मेली. साधं खाद्य खाऊन नुसतीच मेली असती. एवढा फरक आहे, कळव त्याला." मी म्हटलं, "तो माझा नाही." "मग कुणाचा? चार वर्षं आपल्या घरात जेवला मेला." पुढे अहवाल आला, त्यात दादाची तळी पाणी खराब होतं म्हणून वगळलेली. बाकीच्या तळ्यांत रोग आलाच नव्हता, तिथली कोळंबी जगली आणि ती तुझ्या खाद्याने जगली असं लिहिलं गेलं. तो अहवाल तू वाचला असशील. दादाच्या तळ्यांबद्दल तुला काही विचारावंसं वाटलं नाही.

मग मी जुनी आकृती उघडून बसले. दादा तडक प्रयोगशाळेत आला होता, त्याला उत्तर हवं होतं. त्याला अमिनो आम्लं कुठून कळणार, म्हणून म्हटलं, ही मण्यांची लांब माळ समज. मुठीत चुरगाळली की लांबलांबचे मणी एकमेकांना टेकतात. कोण कुणाला टेकलंय ते आम्ही शोधतो. माळेत शेजारीशेजारी ओवलेले मोजत नाही, ते टेकणारच. "म्हणजे नवरा-बायको सोडून द्यायचे आणि लांबची लफडी तेवढी मोजायची," दादा म्हणाला. साधारण तसंच, म्हटलं. मग त्याला धुकं दाखवलं. एकशे चाळीसनंतरचे नऊ मणी तुझ्या आकृतीत दिसतच नाहीत, आठवतं ना? माळ तिथे धुक्यात शिरते आणि पलीकडे दोन टोकं बाहेर येतात, एक त्याच रेणूचं आणि एक शेजारच्याचं, कारण स्फटिकात रेणू दाटीवाटीने बसलेले. जे टोक जवळ दिसलं ते तू आपलं म्हणून धरलंस आणि पुढचे क्रमांक घालत सुटलास. तुझं एकशे सत्तर शेजारच्या रेणूचं आहे, थानिन. दादा म्हणाला, "मग माझी कोळंबी मेली कुणामुळे? शेजाऱ्यामुळे की ह्या गाढवामुळे?"

नुसत्या संशयावर मी तोंड उघडत नाही हे तुला ठाऊक आहे. वेगळ्या मिठात नवे स्फटिक वाढवले, ज्यात रेणू वेगळ्या तऱ्हेने बसतात. या खेपेला धुकं नाही, नऊच्या नऊ मणी लख्ख. एकशे सत्तर रेणूच्या भलत्याच टोकाला, ब्याण्णवकडे पाठ करून बसलेलं. मग आर्जिनिन काढून त्या जागी विद्युतभार नसलेलं अ‍ॅलानिन घातलं, म्हणजे तुझी गाठच कापून टाकली, आणि ते विष कोळंबीला दिलं. कोळंबी पहिल्यासारखीच मेली. त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही आणि कधीच नव्हता. गर्दीत टेकले होते, एवढंच. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! एकटी खुर्चीत बसून हसत होते. घरी जाऊन सतोच्या शेंगा कोळंबी घालून परतल्या आणि पोटभर जेवले.

तुझ्या आईला मीच घेऊन आले आहे. तू तिकीट पाठवलंस, पण एकटीने विमानात बसायला ती घाबरत होती. तिने नवं रेशमी लुगडं घेतलंय आणि विमानात शेजारच्या अनोळखी बाईला पत्रिका दाखवत होती, "हे दोन ठिपके दिसतात ना, ते माझ्या मुलाने शोधले." मी तिला काहीही सांगितलेलं नाही. उद्या पहिल्या रांगेत ती आणि मी शेजारीशेजारी बसणार आहोत.

तू विचारशील, मासिकाला का कळवलं नाहीस? कळवलं असतं तर तू ऐटीत दुरुस्ती छापली असतीस, माझे आभार मानले असतेस आणि चूक कबूल करणारा मोठा माणूस म्हणून आणखी एक पदक खिशात घातलं असतंस. आणि लोक म्हणाले असते, टाकलेली बाई आहे, जळते. म्हणून दादा सोडून मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. दादा गावभर ओरडेल, पण त्याचं पाणी खराब होतं हे अहवालातच आहे. पुढच्या महिन्यात तुझं खाद्य किनाऱ्यावरच्या सगळ्या तळ्यांत पडेल. त्या लोकांबद्दल मला वाईट वाटतं. पण खोटं कशाला बोलू, तुझ्यावरचा राग त्याहून मोठा आहे. उद्या तुला दोनच गोष्टी करता येतील. आईसमोर, मंत्र्यांसमोर उभं राहून ती जोडी खोटी आहे असं सांगता येईल, म्हणजे पदक, नोकरी, घर सगळं गेलं. किंवा गप्प बसून ते चित्र दाखवता येईल. तू ही दुसरी गोष्टच करशील, मी तुला ओळखते. आजपर्यंत तू फक्त चुकला होतास, थानिन. चुकलेल्या माणसाला रात्री झोप लागते, आणि कधी ना कधी मीसुद्धा तुला माफ केलं असतं. ते होऊ नये म्हणून हे पत्र लिहिलं.

तुझीच,
विलाई