आज दाढी केली

नागपूर, गुरुवार

भागीरथा, तुले आन घरच्या साऱ्यायले केवळरामचा रामराम.

मी मजेत आहो. आज सकाळी सोताच्या हातानं दाढी केली. वस्तरा उजव्या गालावरून फिरला, पन विजेसारखी कळ उठली नाई. आरशात आपलंच तोंड पाहून हासू आलं.

आतापर्यंत जो तो डॉक्टर आपापलंच पाहे. दोन चांगले दात उपटले, दुखनं राह्यलंच. इथी नागपूरच्या दवाखान्यात दातांची डॉक्टरीन, नसांचे डॉक्टर, जबड्याचा व्यायाम शिकवनारी बाई आन मनाचं इचारनारी बाई, असे चौघंबी मले घेऊन एकाच टेबलाशी बसले. डॉक्टरीन म्हने, "भाऊ, दात नाई, नस दुखून राह्यली." मनाची बाई म्हने, "दुखताना घरी कोनाशी बोलत होते?" मी म्हनलो, "कोनाशीच नाई." मंग तुही लय आठवन आली.

नसेच्या गोळीनं दुखनं थांबलं, पन थोडी घेरी येते, म्हनून रक्त तपासून राह्यले. तू एकटीच काळजी करत बसू नको. आपला नातू अमर तलावावर एकटाच तर नाई जात?

रविवारी येतो. नातीले सांग, आज्याच्या गालाले आता हात लावला तरी आजा ओरडनार नाई.

तुहाच,
केवळराम