की-बोर्ड कुणाच्या हातात होता

सिस्टर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लिहिताना माझा डावा हात अजून वहीवर आडवा असतो. शेजारणीला दिसता कामा नये, हे तुम्हीच शिकवलंत. एकदा गणिताच्या तासाला तो हात जरा सरकला, तर सगळ्या वर्गासमोर तुम्ही म्हणालात, शाळेत कशाला येतेस, धर्मशाळा काढ.

आता माझी नात नववीत आहे. तिच्या शाळेत चार मुलींनी मिळून कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम करायचा, कुठल्या म्हशीला लस कधी द्यायची याची आठवण करून देणारा. कॉम्प्युटरच्या सरांचा नियम असा की एकीनं टाइप करायचं, बाकीच्यांनी सांगायचं, अर्ध्या तासानं जागा बदलायची. जी टाइप करते तिचं नाव त्या ओळीपुढे राहतं. मी ती यादी पाहिली. जिथे तिथे नातीचं नाव, दुसऱ्या दोघींचं कुठे कुठे, आणि कोडोलीहून एसटीनं येणाऱ्या मुलीचं एकदाही नाही. मला लगेच वास आला. गट म्हणजे एकीनं राबायचं आणि बाकीच्यांनी आयते मार्क घ्यायचे. शाळेत जाऊन सरांना तसंच सुनावलं.

सर तरुण, जयसिंगपूरचे, फार नम्र. त्या नम्रपणाचाही मला संशय आला. त्यांनी नातीला आणि कोडोलीच्या मुलीला बोलावलं, पडद्यावरची एक ओळ दाखवली आणि ही अशी का लिहिली, ते विचारलं. नातीनं ती ओळ नुसती वाचून दाखवली. कोडोलीच्या मुलीनं सगळं समजावलं आणि वर मलाच म्हणाली, "आज्जी, मी सांगत गेले, ही लिवत गेली. हिचा हात लई भरभर चालतोय की."

सर नातीला म्हणाले, "हिला एकदाही बसू दिलं नाहीस?"

शनिवारी प्रदर्शन आहे. नातीला गटात ठेवायचं की नाही, हे सरांनी बाकीच्या तिघींवर सोडलंय, आणि त्यातल्या दोघी नको म्हणताहेत. नात माझ्याशी बोलत नाही. काल जेवताना एवढंच म्हणाली, "तू गेली नसतीस तर मीच सांगणार होते सरांना, की डोकं तिचं आहे." असेलही. मला शंका आहे.

हे सगळं तुमच्या माथी मारायला बसले होते, सिस्टर. तुम्हाला पाठवता येत नाही म्हणून लिहायला सोपं. पण एका रविवारी प्रोग्रॅम करायला मुली आमच्याकडेच बसल्या होत्या. मी आत पोहे करत होते आणि बाहेरून तासभर एकच आवाज येत होता, हे लिही, ते खोड. तो आवाज नातीचा नव्हता. शाळेत जाण्याआधीच ते मला ठाऊक होतं.