अख्खी कंपनी माझ्या लॅपटॉपवर

ती. स्व. मावशीस,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिने चढू देतो का? मी ठणठणीत आहे, रक्तदाब सोडला तर. ‘नोकरी घालवून बसला’ असं तुझ्या कानावर आलं असेल, तर ते अर्धवट आहे. नोकरी सोमवारपर्यंत शाबूत आहे. लेखी माफी मागितली तर पुढेही राहील, आणि मी ती मागणार नाही.

झालं असं. आमची बसच्या तिकिटांची वेबसाइट. तिच्या दर्शनी बाजूला वेब सर्व्हर असतो, काउंटरवरच्या माणसासारखा. गोड बोलतो, पण तिकीट काढायचं खरं काम आत बसलेला जावा सर्व्हर करतो. दोघांची गाठ घालून द्यायची, म्हणजे पुढच्याला आतल्याचा पत्ता लिहून द्यायचा, हे काम माझं. चाचणीसाठी मी माझ्याच लॅपटॉपचा पत्ता घातला (जावा सर्व्हर त्यातही चालतो, बापडा), आणि तो बदलायचा राहिला. दिवसभर तिकिटं धडाधड निघाली. साहेबांनी (आम्ही त्यांना ‘चुटकी’ म्हणतो, सगळं चुटकीसरशी हवं असतं) जावा सर्व्हरसाठी घेतलेल्या नव्या महागड्या मशीनकडे बोट दाखवून पाहुण्यांना ‘वेग बघा!’ म्हणून ऐकवलं. मशीन नुसतं गरम हवा सोडत होतं.

संध्याकाळी मी लॅपटॉप रीतसर बंद केला, पिशवीत घातला आणि भाजी घ्यायला गेलो. (उठताना सगळं बंद करून उठावं हे वळण तूच लावलंस, त्यामुळे निम्मी जबाबदारी तुझी.) टोमॅटो निवडतोय तोच साहेबांचा फोन, “काय केलंस तू?” मी म्हटलं, “काही नाही, घरी निघालो.” तिकडे एकाही गिऱ्हाइकाला तिकीट मिळेना.

आता तूच सांग, माफी कशाची? त्या धटिंगण मशीनच्या वाटचा भार माझ्या लॅपटॉपनं एकट्यानं ओढला. सत्कार करायचा सोडून साहेबांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर माझ्यावर डोळे वटारले! मला राग आलाय, मावशी, आणि अपमान जिव्हारी लागलाय. पोटावर पाय आला तरी बेहत्तर, मान तुकवणार नाही.

तुझा ताठ भाचा

ता. क. : तू मुख्याध्यापिका होतीस, ढिगानं माफीपत्रं वाचली असशील. त्यातलं एखादं झकास आठवून माझ्यासाठी लिहून पाठव. सोमवारच्या आत. ‘चूक’ हा शब्द मात्र नको.

ता. क. २ : आत्ताच बायकोनं हे पत्र वाचलं. तिचं म्हणणं, ‘चूक’ दोनदा असावी. मी एकीवर अडून बसलोय. तू दोनदा घाल.