शांताबाईंच्या डब्याचं झाकण

मंगळवार, संध्याकाळ

आज अंगात त्राण नाही. दालमिलमधल्या, डाळीची धूळ अडवणाऱ्या बॅग फिल्टरची एक पिशवी परवा फाटली. नवी येईस्तोवर चालेल म्हणून मीच ती टेलरकडून शिवून आणली अन् बसवली. सुईच्या भोकांतून धूळ गळणार, हे मला, फिटर माणसाला, कळू नये?

दुपारी डाळ निवडणाऱ्या शांताबाईंनी जेवणाचा डबा समोर धरला. झाकणावर पिवळी भुकटी.

"भाऊ, हे तुमच्या पिशवीतूनच येऊन राह्यलं ना? खोकून खोकून छाती दुखते."

"नाई वो बाई, रस्त्याची धूळ हाये."

अकोल्याची काळी माती पिवळी कधीपासून झाली? त्यांनी पदरानं झाकण पुसलं.

घरी आल्यावर माझा डबा घासायला काढला. झाकण लख्ख होतं. मी ऑफिसात दार लावून जेवतो.