पापणीवरचा लाल डाग

२८ नोव्हेंबर २००१
शाळेत आज वर्गाचा फोटो होता. यशश्री गेलीच नाही. पोट दुखतंय म्हणाली. मी डबा उचलला आणि अंबडला कंपनीत निघून गेलो. सहा वर्षांचीही नाही पोर, पण डावा गाल हाताने झाकून बोलते. कपाळावरून पापणी, पापणीवरून गाल — जन्मापासूनचा लाल डाग. आई अजून म्हणते, पंचाण्णवच्या ग्रहणात, पोर पोटात असताना, संध्याने विळी हातात घेतली, म्हणून. संध्या, बायको माझी, उलट बोलत नाही.

२ डिसेंबर
कॉलेज रोडच्या त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. आईलाही मुद्दाम नेलं. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या जन्मतःच फुगलेल्या आहेत, लेसरने त्या बंद करता येतात, म्हणाल्या. बऱ्याचदा यावं लागेल. डाग पूर्ण जाईलच असं नाही.
संध्याने एवढंच विचारलं, "माझं काही चुकलं होतं का?"
"नाही. कोणाचंच नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.
 घरी आल्यावर आईने स्वतः चहा टाकला आणि पहिला कप संध्याला दिला.

९ डिसेंबर
डाग पापणीवर आहे म्हणून डोळेही दरवर्षी तपासायला सांगितलेत. आज तपासले. ठीक.

१९ जानेवारी २००२
पहिला लेसर. आधी गाल बधिर करायचं मलम, मग डोळ्यांवर झाकणं. हात मी धरला होता. रबर ताणून सोडल्यासारखं लागतं म्हणे — प्रत्येक झटक्याला तिची बोटं आवळत होती. रडली नाही. पण नंतर गाल पाहिला. काळाजांभळा! आपण पोरीचं वाटोळं तर नाही केलं? डॉक्टरबाई शांत. असंच होतं, उतरेल, म्हणाल्या.

१ फेब्रुवारी
उतरला.

६ ऑक्टोबर
आणखी चार लेसर झाले. गाल आता फिकट गुलाबी. पापणीवर मात्र फारसा फरक नाही. यशश्री आज गल्लीत दोन्ही हात नाचवत मैत्रिणीशी कडाकडा भांडत होती. आई म्हणाली, थांबव तिला. मी मुळीच थांबवलं नाही.

१७ डिसेंबर
डोळ्यांची तपासणी. मी म्हणालो होतो, गाल सुधारलाय, कशाला रजा घालवायची. संध्याने ऐकलं नाही, एकटीच घेऊन गेली. डाव्या डोळ्यातला दाब वाढलेला निघाला. काचबिंदू. पोरीला काहीच जाणवत नव्हतं. थेंब सुरू केलेत. आज जेवण कोणालाच गेलं नाही.

२० जानेवारी २००३
दाब उतरला. नजर शाबूत आहे. थेंब चालू ठेवायचे. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "डागामुळे तुम्ही वेळेत आलात. नाहीतर डोळा गेल्यावरच कळलं असतं."
परतताना यशश्री माझ्या मांडीवर झोपली. पापणीवर उरलेल्या त्या डागाकडे मी घर येईपर्यंत बघत राहिलो.