दंडावरची निरगाठ

२ डिसेंबर १९७४
आजपासून वेळापूरचा जोतीराम सोलापूरकर. वळकटी, तुपाचा डबा आणि ही वही घेऊन सकाळी तालमीत उतरलो. तालीम झकास आहे. ताक-हळद घालून मऊ केलेली लाल माती, भिंतीत मारुती आणि शेजारच्या गल्लीत दिवसभर चादरीच्या मागांची खडखड. बाकीचे पैलवान सुगीला गावी गेलेत, त्यामुळे कोपऱ्यातली खोली माझ्या एकट्याची.

सिद्धप्पा वस्तादांनी माझे दंड चाचपले आणि विचारलं, हे हात हायत का शेवग्याच्या शेंगा? खरंच आहे ते. पाय खांबासारखे, पण हातांत दम नाही. संक्रांतीला इथं भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत दोन वर्षं ओळीनं माझी पकड सुटली आणि मी आभाळ बघितलं. माझ्या वडिलांनी, आप्पांनी बजावलंय, यंदा हरलास तर लंगोट खुंटीला आणि औत हातात. पण मी हटणार नाही. आप्पाच म्हणतात, सुंभ जळेल पण ह्याचा पीळ जळायचा नाही.

५ डिसेंबर
वस्तादांची युक्ती अजब आहे. चादरीच्या काठाची पट्टी ते बगलेखाली दंडाला आवळून बांधतात आणि तीसच जोर मारायला लावतात. रक्त अडतं, दंड तटतटतो, शेवटी शेवटी हात पेटतात. मग पट्टी सुटली की रक्त असं धावतं की मला हसूच आलं. नियम कडक आहेत. मारुतीकडं तोंड करून डोळे मिटून बसायचं, बांधणाऱ्याकडं बघायचं नाही. गाठ सुरगाठच मारायची, एका झटक्यात सुटणारी.

आणि सगळ्यात मोठा नियम त्यांनी दोनदा सांगितला, "ज्यानं बांदली त्यानंच सोडायची."

१४ डिसेंबर
बाह्या उसवायला आल्या! भरलेली घागर एका हातानं उचलतो.

उंच खुंटीवरच्या विटक्या पट्टीबद्दल विचारलं तर वस्तादांनी हातातलं फावडं खाली ठेवलं. मग सांगितलं. सहा वर्षांपूर्वी बिरप्पा नावाचा पैलवान होता. त्याला माझ्यासारखीच घाई. वस्ताद परगावी असताना त्यानं एकट्यानंच डाव्या दंडाला पट्टी बांधली, दातांनी ओढून, निरगाठ. ती सुटेना. लोक आले तेव्हा हात काळा पडला होता. हात कापला, तरी तो वाचला नाही. शेवटपर्यंत म्हणत होता, कुणीतरी सोडा. कुणी विसरू नये म्हणून पट्टी तिथं टांगलीय. मला वाईट वाटलं, पण खरं सांगतो, त्याची घाईही कळली.

२० डिसेंबर
वस्ताद भाचीच्या लग्नाला अक्कलकोटला गेले. चार दिवस पट्टीला हात लावायचा नाही, अशी तंबी आहे. चार दिवस फुकट जाणार. जत्रा तोंडावर आलीय.

२१ डिसेंबर
सकाळी सवयीनं मारुतीपुढं डोळे मिटून बसलो. मनात म्हटलं, आज कुणी बांधली असती तर. मागं पावलं वाजली. उजव्या दंडाला पट्टी बसली. वस्ताद लवकर परतले म्हणून आनंद झाला. तीस जोर मारले, दंड पुढं केला. कुणी सोडेना.

डोळे उघडले. तालीम रिकामी. दाराला आतून कडी. उंच खुंटीवर ती विटकी पट्टी नाही.

गाठ ओली होती. तिच्यावर दातांचे वण.

२२ डिसेंबर
गाठ सुटलीच नाही. शेवटी विळीनं पट्टी कापली, चुलीत घातली. राख झालेली डोळ्यांनी बघितली. पण दंड आवळलेलाच आहे. वर काही नाही, तरी आवळलेला. सुंभ जळला, पीळ तसाच. आप्पांची म्हण अशी लागू पडेल असं वाटलं नव्हतं.
डॉक्टर म्हणाले, काही दिसत नाही, मुका मार असेल.

२३ डिसेंबर
बोटं निळी. पेन धरवत नाही. डाव्या हातानं लिहितोय. आवळणं वाढतंय — कुस्ती गेली खड्ड्यात, हात राहू दे —

२४ डिसेंबर
वस्ताद आले. त्यांच्या अंगठ्याला माझ्या दंडावर खोबण लागली, गाठही लागली, न दिसणारी. नखं तुटेस्तोवर झटले. मग खालीच बसले. म्हणाले, "मी बांदली न्हाय, जोतीराम. मला कशी सुटंल?" रिकाम्या खुंटीकडं बघून म्हणाले, "त्या दिवशी मी हितं पायजे हुतो."
आता ज्यानं बांधली त्यालाच विनवायचं.

२५ डिसेंबर, सकाळ
मारुतीपुढं बसलोय. वस्ताद दाराबाहेर. डोळे मिटूनच, डाव्या हातानं लिहितोय, ओळी वाकड्या जातील. मनाला आधार म्हणून लिहितोय —

मागं श्वास.

दंडावर ओले दात —

सुटली. रक्त धावलं. देवा, हसू येतंय —

म्हणतो, आता माजी सोड. वळलो नाही. उजवा हात मागं नेला, चाचपलं — त्याच्या डाव्या खांद्याखाली काहीच नाही — कुठं सोडू, दंडच नाही, म्हटलं —

म्हणतो, मग तुजा दे. लिवतोस त्यो —